लेस्टर पिगट : चांगला घोडा मिळवणं हेही जॉकीचंच कसब?

चौखूर

९ एप्सम डर्बी, एकूण ३० क्लासिक, ११ वेळा चॅम्पियन जॉकी (म्हणजे हंगामात सर्वाधिक विजय मिळवणारा), एकट्या ब्रिटनमध्ये ४,४९३ विजय. लेस्टर पिगट या इंग्लिश जॉकीचे हे आकडे रेसच्या शौकिनांना तोंडपाठ असतात. त्याच्यावरचा एक आक्षेपही तितकाच जुना आहे. याला कायम उत्तम घोडे मिळाले, मग जिंकला यात विशेष ते काय? परवा दुसऱ्या एका धाग्यावर हाच मुद्दा निघाला आणि तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घोडा ओळखणं, तो आपल्याकडे खेचून आणणं आणि मग त्याच्या स्वभावाला मानवेल तशीच रेस त्याच्याकडून करून घेणं, हे तिन्ही मिळून जॉकीचं कसब. यातल्या पहिल्या दोन गोष्टी पिगटच्या आधी जॉकीच्या हातात फारशा नसायच्या. त्यानं त्या स्वतःच्या हातात घेतल्या, त्यासाठी माणसं दुखावली, आणि पुढच्या सगळ्या जॉकींचा धंदा त्यातून बदलला.

थोडी पार्श्वभूमी. जन्म ५ नोव्हेंबर १९३५, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. घराणंच घोड्यांचं. आजोबा अर्नी पिगट यांनी १९१२ आणि १९१९ साली ग्रँड नॅशनल, म्हणजे अडथळ्यांची ती जीवघेणी रेस, जिंकलेली. वडील कीथ आधी जॉकी, मग ट्रेनर. १९६३ चा ग्रँड नॅशनल विजेता 'आयाला' त्यांच्याच तबेल्यातला. आईकडचे रिकबी हेही पिढीजात जॉकी. लहानपणापासून ऐकायला कमी यायचं, बोलणं नाकातून आणि तुटक. १८ ऑगस्ट १९४८ रोजी हेडॉकला 'द चेस' नावाच्या घोडीवर पहिला विजय मिळाला तेव्हा पोरगं १२ वर्षांचं होतं.

१९५४ मध्ये, १८ व्या वर्षी, ३३ ला १ भाव असलेल्या 'नेव्हर से डाय'वर पहिली डर्बी. त्यानंतर दोनच आठवड्यांनी रॉयल अ‍ॅस्कटला त्याच घोड्यावर घुसाघुशी केली म्हणून स्ट्यूअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, निलंबित केलं, वर वडिलांच्या तबेल्यापासून दूर राहून दुसऱ्या ट्रेनरकडे काम कर असा हुकूम. ही शिक्षा भोगत असताना सप्टेंबरात सेंट लेजर ही मोठी रेस झाली, आणि नेव्हर से डाय ती १२ लेंग्थनी, म्हणजे बारा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं जिंकला. वर बसला होता चार्ली स्मर्क. अठरा वर्षांच्या मुलाला ते बघून काय वाटलं असेल याचा मी बरेचदा विचार करतो.

त्या वर्षी गॉर्डन रिचर्ड्स निवृत्त झाले आणि ट्रेनर नोएल मर्लेस यांच्या वॉरन प्लेस तबेल्यातली पहिल्या जॉकीची जागा पिगटला मिळाली. १९५७ ला क्रेपेलो, १९६० ला सेंट पॅडी, या दोन डर्बी तिथल्याच. १९५७ ची ओक्स ही क्लासिक राणीच्या 'कारोझा'वर. याहून सुरक्षित नोकरी त्या काळी इंग्लंडमध्ये नव्हती. तबेल्याचा जॉकी म्हणजे करार, दर वर्षी ठरलेली रक्कम, आणि ट्रेनर सांगेल त्या घोड्यावर बसायचं.

१९६६ च्या ओक्सला मर्लेस यांची घोडी होती 'व्हरिनिया'. पिगटनं सांगितलं, मी आयर्लंडच्या व्हिन्सेंट ओब्रायन यांच्या 'व्हालोरिस'वर बसणार. बसला आणि जिंकला. मर्लेस भडकले, संबंध तुटले, आणि पिगट कुणाशीही न बांधलेला जॉकी झाला. लोक म्हणाले, गेला कामातून. पुढची पाच वर्षं चॅम्पियन जॉकी तोच होता.

आता 'सर ऐवर' हा घोडा. १९६८ च्या २००० गिनीज या रेसमध्ये त्याच्यासमोर होता 'पेटिंगो', पिगटच्या सख्ख्या सासऱ्यांच्या, सॅम आर्मस्ट्राँग यांच्या तबेल्यातला. पिगटनं सर ऐवर निवडला आणि पेटिंगोला हरवलं. मग डर्बी. सर ऐवर वेगाचा घोडा, दीड मैल त्याला झेपेल की नाही याची सगळ्यांना धास्ती. एप्समचा ट्रॅक माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीला चढ, मग टॅटनहॅम कॉर्नरपर्यंत उतार आणि तो उतरता उतरताच डावं वळण, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात जमीन आतल्या कठड्याकडे कललेली. दमलेला घोडा तिथे आपोआप आत ओढला जातो.

त्या दिवशीचं चित्रीकरण बघा. सरळ पट्ट्यात 'कॉनॉट' मोकळा सुटलाय, मागच्यांनी आशा सोडलीय. सर ऐवर मागे, आणि पिगट काही करतच नाही. हात खाली, लगाम आवळलेले, पार्श्वभाग हवेत, पाठ स्थिर. दोन फर्लांग (एक फर्लांग साधारण २०० मीटर) राहिले तरी तसाच. मग शेवटच्या फर्लांगात घोडा बाहेर काढतो आणि केवळ हातांनी मोकळं करतो. सर ऐवर असा झेपावतो की कॉनॉट उभा राहिलाय असं वाटतं. अंतर दीड लेंग्थ. ज्या घोड्याचा दम अपुरा आहे त्याचा दम शेवटच्या २०० मीटरसाठी शिल्लक ठेवायचा, आणि तो ठेवताना लाखो लोक बघताहेत, मालकाचा पैसा लागलाय, याचा हातांवर परिणाम होऊ द्यायचा नाही! मालक रेमंड गेस्ट यांनी १०० ला १ या भावानं आधीच पैसे लावून ठेवले होते. ते तेव्हा आयर्लंडमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि त्या दिवशी सरकारी कार्यक्रमामुळे एप्समला येऊच शकले नाहीत.

चांगला घोडा होता, मान्य. पण त्याच घोड्यावर त्या दिवशी दुसरा कुणी असता तर तो दोन फर्लांग आधी सुटला असता आणि शंभर मीटर आधी संपला असता, असं मला ठामपणे वाटतं. तुमचं मत लिहा.

---

पुणेरी_पावसाळा

चौखूर, लेख आवडला, सर ऐवरचा भाग तर फारच. पण 'माणसं दुखावली' हे तुम्ही एका वाक्यात गुंडाळलंत. १९७२ ची डर्बी काढा की.

'रोबर्टो' या घोड्यावर बसायचा होता ऑस्ट्रेलियन बिल विल्यमसन. डर्बीच्या काही दिवस आधी तो पडला, खांद्याला मार लागला, पण डर्बीपर्यंत डॉक्टरांनी त्याला तंदुरुस्त ठरवलं. तरी मालक जॉन गॅलब्रेथ यांनी त्याला उतरवलं आणि पिगटला बसवलं. रोबर्टो जिंकला, शॉर्ट हेडनं, म्हणजे नाकभर फरकानं. डर्बी जिंकून येणाऱ्या जॉकीचं स्वागत कसं होतं हे सांगायला नको. त्या दिवशी विजेत्याच्या रिंगणात जवळजवळ शांतता होती. आणि विल्यमसननं त्याच दुपारी नंतरच्या दोन रेस जिंकल्या तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. प्रेक्षकांचा न्याय मला तिथे दिसतो.

१९८४ ची सेंट लेजरही तशीच. 'कमांच रन'चा ठरलेला जॉकी डॅरेल मॅकहार्ग, त्याला बाजूला सारून पिगट बसला आणि तो त्याचा २८ वा क्लासिक ठरला. फ्रँक बकलचा दीडशे वर्षांहून जुना २७ चा विक्रम त्यानं मोडला तो दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून. याला कसब म्हणायचं?

---

चौखूर

पुणेरी, मुद्दा रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. विल्यमसनवर अन्याय झाला. निर्णय मालकाचा होता, पण पिगट नाही म्हणू शकला असता, आणि तो नाही म्हणाला नाही.

मात्र ती रेस एकदा निव्वळ घोडेस्वारी म्हणून बघा. शेवटच्या फर्लांगात रोबर्टो आणि 'राइनगोल्ड' अंगाला अंग घासत येताहेत. राइनगोल्ड उतारामुळे आत कलतोय, त्याच्या जॉकीला, अर्नी जॉन्सनला, घोडा सरळ ठेवू की पळवू हे दोन्ही जमत नाहीये. रोबर्टो दबला जातोय, त्याला पुढे जायची इच्छाच नाही. अशा घोड्याला पिगटनं अक्षरशः उचलून खांबापलीकडे नेलं. फोटो फिनिश, वर स्ट्यूअर्ड्सची चौकशी, मग निकाल. ते बघायला सुंदर नाही. पण तो घोडा त्या दिवशी दुसऱ्या कुणाखाली जिंकला असता असं मला वाटत नाही.

---

सुमेधा_क

'बघायला सुंदर नाही' यावर थोडं थांबूया का? मी घोड्यांवर खूप प्रेम करते आणि रोबर्टोचं ते चित्रीकरण मला शेवटपर्यंत बघवलं नाही. चाबूक किती वेळा चालला ते मोजवत नाही. आज ब्रिटनमध्ये सपाट रेसमध्ये सहा वेळांच्या वर चाबूक वापरला तर जॉकीवर कारवाई होते, आणि फारच मर्यादा ओलांडली तर घोडाच बाद होतो. आजच्या नियमानं ती डर्बी पिगटला मिळाली असती का? १९७७ च्या डर्बीतला 'द मिन्स्ट्रेल'ही तसाच, 'हॉट ग्रोव्ह'ला गळ्याच्या फरकानं हरवलं ते चाबकाच्या जोरावर.

सर ऐवरवर चाबूक उचललाही नाही आणि जगानं डोक्यावर घेतलं. मग मला प्रश्न पडतो की ज्याचे हात इतके शहाणे आहेत, त्याला चाबकाची गरज का पडावी?

---

पुणेरी_पावसाळा

सुमेधाताई, मनातलं बोललात. मिन्स्ट्रेलबद्दल एक भर घालतो, चौखूर यांच्या बाजूची आहे पण खरी आहे. आयरिश गिनीज हरल्यावर मिन्स्ट्रेलला डर्बीत उतरवायचं की नाही यावर मालक आणि ट्रेनरचं ठरत नव्हतं. चार पांढरे पाय, पांढरं तोंड, अंगानं लहानखुरा. असा घोडा एप्समला टिकणार नाही असं बऱ्याच जणांना वाटत होतं. पिगटनं सांगितलं की तुम्ही उतरवा, मी बसतो. त्या एका शब्दावर तो घोडा डर्बीला गेला. घोडा ओळखण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती दुसऱ्याचा ओढून घेण्याबद्दल.

आणि ओळखायलाही तो दर वेळी बरोबर नव्हता. १९७२ च्याच ऑगस्टमध्ये यॉर्कला रोबर्टो आणि राइनगोल्ड पुन्हा समोरासमोर आले. पिगटनं रोबर्टो सोडून राइनगोल्ड निवडला! रोबर्टोवर अमेरिकेहून ब्राउलियो बाएझाला आणलं, त्यानं पहिल्यापासून आघाडी घेतली आणि 'ब्रिगेडियर जेरार्ड'ला हरवलं. ब्रिगेडियर जेरार्ड १८ रेस पळाला, त्यातली हरला ती ही एकच. पिगट त्या दिवशी चुकीच्या घोड्यावर होता.

---

अबोली

नवखा प्रश्न आहे, सांभाळून घ्या. क्लासिक म्हणजे नक्की काय? आणि डर्बीला इतकं का डोक्यावर घेतात? बक्षीस सगळ्यात मोठं असतं का?

---

चौखूर

अबोली, अगदी विचारा. इंग्लंडच्या पाच रेसना क्लासिक म्हणतात: २००० गिनीज, १००० गिनीज, ओक्स, डर्बी, सेंट लेजर. फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. १००० गिनीज आणि ओक्स केवळ घोडींसाठी. म्हणजे प्रत्येक थरोब्रेडला, म्हणजे रेसच्या जातिवंत घोड्याला, आयुष्यात डर्बी पळायची संधी एकदाच, पुढच्या वर्षी बघू असं नाही. बक्षीस आज दुसरीकडे जास्तही असतं, पण डर्बी जिंकलेल्या घोड्याला पुढे पैदाशीसाठी मागणी येते, त्यात खरा पैसा. जॉकीला मात्र दर वर्षी संधी, म्हणून ९ डर्बी शक्य झाल्या.

गिनीज, डर्बी आणि लेजर तिन्ही एकाच घोड्यानं जिंकल्या तर ट्रिपल क्राउन. १९३५ च्या 'बहराम'नंतर ते केलं १९७० साली 'निजिन्स्की'नं, तिन्ही वेळा वर पिगट. त्यानंतर आजतागायत कुणालाही जमलेलं नाही.

---

डॉ_नीलकंठ

धागा वाचतोय, सगळेच प्रतिसाद अभ्यासपूर्ण. एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. पिगटची उंची साधारण ५ फूट ८ इंच. जॉकीच्या मानानं ही फार उंची. त्याचं नैसर्गिक वजन ६३ किलोच्या आसपास असायला हवं होतं. तो रेसला बसायचा ५३ च्या आसपास. दहा किलो कमी, आणि तेसुद्धा एखाद्या स्पर्धेपुरतं नाही, तर जवळजवळ सगळी उमेद अशीच काढली. कॉफी, सिगार, नावापुरतं जेवण आणि घाम काढणं.

वैद्यकीय दृष्टीनं हे शरीराशी सरळ वैर आहे. घाम काढून उतरवलेलं वजन हे पाणी असतं. रक्त दाट होतं, नाडी वाढते, डोकं दुखतं, पायात गोळे येतात, प्रतिक्रिया मंदावते. वर्षानुवर्षं कमी खाल्लं की हाडं ठिसूळ होतात, आणि हा असा पेशा की पडणं ठरलेलंच. अशा अवस्थेत ताशी ६० किलोमीटरवर, वीस घोड्यांच्या घोळक्यात, सेकंदाच्या अंशात निर्णय घ्यायचे. चौखूर म्हणतात तो 'हात खाली, लगाम आवळलेले' असा संयम एका उपाशी माणसाचा आहे हे लक्षात घ्या. मला त्याचं खरं मोठेपण इथे दिसतं.

एकोणिसाव्या शतकातला फ्रेड आर्चर त्याच्याहूनही उंच, ५ फूट १० इंच. १३ वेळा चॅम्पियन, २,७४८ विजय. वजन उतरवण्याच्या अशाच हालांनंतर तापानं खचलेल्या अवस्थेत १८८६ साली, अवघ्या २९ व्या वर्षी त्यानं स्वतःला संपवलं. पिगट ८६ वर्षं जगला याचं एक डॉक्टर म्हणून मला आश्चर्य वाटतं.

---

सुमेधा_क

डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला. त्याचे फोटो बघताना तो चेहरा इतका कोरडा आणि सुरकुतलेला का दिसतो, तिशीतसुद्धा, ते आज कळलं. चाबकाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण माणसाकडे बघायची नजर थोडी बदलली.

---

वाडीबंदर

सर्वांना नमस्कार. इतके दिवस नुसता वाचक होतो, या विषयानं लिहायला लावलं.

आमचे आजोबा महालक्ष्मीला मोतद्दार होते. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात, पावसाळ्यात पुणे, तसं आमचं बिऱ्हाडही घोड्यांमागे फिरायचं. मी शाळकरी असताना पहाटे त्यांच्याबरोबर जायचो. लोक रेस बघतात दोन मिनिटं, खरं काम पहाटे. आजोबा घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवायचे, गुडघ्याखालच्या शिरेवर हात थांबायचा. थोडी ऊब लागली तरी ट्रेनरला सांगायचे, आज नको. आणि जॉकी आला की तो आधी काय करायचा? आजोबांना विचारायचा, काल दाणा संपवला का? हा प्रश्न विचारणारे जॉकी आणि न विचारणारे जॉकी, असे आजोबांच्या लेखी दोनच प्रकार होते. विचारणारे पुढे गेले, असं ते सांगायचे.

म्हणून चौखूर यांचं म्हणणं मला पटतं. चांगला घोडा कुणी ताटात वाढून देत नाही. जॉकी पहाटे तबेल्यात हजर असतो, दुसऱ्या ट्रेनरच्या घोड्यांवरही नजर ठेवून असतो, कुठला घोडा वर येतोय ते मालकाच्या आधी त्याला कळतं. आपल्याकडे पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही नावं आजोबा आदरानं घ्यायचे. नंतर पेसी श्रॉफ यांना मी स्वतः बघितलं; त्यांनी जॉकी म्हणून इंडियन डर्बी जिंकली आणि पुढे ट्रेनर म्हणूनही. घोडा ओळखायची नजर असल्याशिवाय ही दुसरी गोष्ट होतच नाही.

रेसनंतरचा वजनकाटाही मला आठवतो. जॉकी घामानं निथळत, स्वतःचं खोगीर छातीशी धरून काट्यावर बसायचा. जिंकलेला असो की हरलेला, काटा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

---

पुणेरी_पावसाळा

वाडीबंदर, अजून लिहा हो. तुमच्या आजोबांवर स्वतंत्र धागा व्हायला हवा.

माझा शेवटचा आक्षेप मांडतो आणि थांबतो. निजिन्स्कीचा उल्लेख झाला, पण त्याच वर्षीच्या पॅरिसच्या 'आर्क' या मोठ्या रेसचा नाही. घोळक्याच्या मागे, बाहेरून, फार उशिरा सोडला. 'सासाफ्रास'नं डोक्याच्या फरकानं हरवलं. ओब्रायन यांचंही मत होतं की घोड्यावर गरजेपेक्षा जास्त भार टाकला. थांबायची कला सर ऐवरवर जमली, निजिन्स्कीवर अंगाशी आली.

---

चौखूर

पुणेरी, आर्कबद्दल मी पिगटच्या बाजूनं एकच सांगेन. निजिन्स्कीला त्या उन्हाळ्यात गजकर्ण झालं होतं, अंगावरचे केस गेले होते, आणि त्यातून उठून तो लेजर पळाला होता. लेजरनंतर तो आधीचा घोडा राहिला नाही. आर्कनंतर पंधरवड्यातच तो न्यूमार्केटला 'लोरेन्झाचिओ'कडूनही हरला, आणि तिथे उशिराचा प्रश्न नव्हता. तरीही आर्कमध्ये शेवटच्या काही ढांगांत चाबूक लागल्यावर तो डावीकडे वळला नसता तर कदाचित जिंकला असता. सुमेधाताईंच्या मुद्द्याला हे पुष्टी देणारं आहे, तेही नोंदवतो. पुढे पिगटनं आर्क तीनदा जिंकली, १९७३ मध्ये राइनगोल्डवर, मग १९७७ आणि १९७८ ला 'अ‍ॅलेज्ड'वर. म्हणजे यॉर्कला ज्या राइनगोल्डवर तो चुकला असं तुम्ही म्हणता, त्यानं त्याला पहिली आर्क दिली.

---

अबोली

तुरुंगाचं काय प्रकरण होतं? त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

---

डॉ_नीलकंठ

करचुकवेगिरी. १९८५ ला निवृत्त होऊन तो ट्रेनर झाला, तबेला चांगला चालला होता. १९८७ च्या ऑक्टोबरात इप्सविचच्या न्यायालयानं ३० लाख पौंडांहून जास्त कर बुडवल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली. वर्षभर आत होता. १९७५ साली मिळालेला ओबीई किताबही काढून घेतला. गुन्हा होता, शिक्षा योग्य होती असं माझं मत. किताब काढून घेणं मला पटलं नाही. तो घोड्यांवरच्या कामासाठी दिला होता आणि ते काम खोटं नव्हतं.

---

सुमेधा_क

किताबाबद्दल असहमत. सार्वजनिक सन्मान हा सगळ्या माणसाला असतो. त्याच्यासारख्या श्रीमंत माणसानं कर बुडवला तो सामान्यांच्या दवाखान्यांचा पैसा होता.

---

चौखूर

दोघांचंही म्हणणं समजतं. मी अबोलीला त्यानंतरचं सांगतो, कारण तिथे माझ्या मूळ मुद्द्याचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

१५ ऑक्टोबर १९९० रोजी, पंचावन्न पूर्ण व्हायला तीन आठवडे असताना, तो लेस्टर शहराच्या रेसकोर्सवर पुन्हा घोड्यावर बसला. पाच वर्षांचा खंड, त्यात एक वर्ष तुरुंग. दुसऱ्याच दिवशी चेपस्टोला जिंकला. आणि २७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर ब्रीडर्स कप माइल ही मोठी रेस, घोडा 'रॉयल अकॅडमी', ट्रेनर तेच जुने व्हिन्सेंट ओब्रायन. ते स्वतः ७३ वर्षांचे, मोठे घोडे आता त्यांच्याकडे मोजकेच यायचे. त्यांनी जगातला कुठलाही तरुण जॉकी घेतला असता. घेतला तो पिगट.

वळणावर घोड्याची लय क्षणभर तुटते. त्या जागी बहुतेक जण घाबरून चाबूक काढतात. पिगट त्याला श्वास घेऊ देतो, दोन-तीन ढांगा नुसता बसून राहतो, घोडा सावरला असं हातांना कळल्यावरच बाहेर काढतो. मग सरळ पट्ट्यात मधोमध एक लांब धाव, आणि शेवटच्या क्षणी गळ्याच्या फरकानं 'इट्सऑलग्रीकटुमी'च्या पुढे. १९६८ चा सर ऐवर आणि १९९० चा रॉयल अकॅडमी लागोपाठ बघा. बावीस वर्षांचं अंतर आहे आणि हात तेच आहेत.

१९९२ ला 'रॉड्रिगो दे ट्रियानो'वर तिसावा क्लासिक झाला. त्याच वर्षी फ्लोरिडात 'मिस्टर ब्रूक्स' त्याच्याखाली कोसळला, घोडा गेला, पिगटचं गळ्याजवळचं हाड आणि बरगड्या मोडल्या. तरी परत आला. ब्रिटनमधला शेवटचा विजय ऑक्टोबर १९९४, हेडॉकला. पहिलाही तिथलाच.

---

पुणेरी_पावसाळा

रॉयल अकॅडमीपुढे माझं काही चालत नाही. त्या घोड्यावर त्याला ओब्रायननी स्वतःहून बोलावलं, कुणाचा घास काढला नाही. विल्यमसनबद्दलचं मत मात्र कायम.

---

वाडीबंदर

चौखूर, तुम्ही वॉरन प्लेसचा उल्लेख केलात म्हणून विचारतो. आजोबांच्या तोंडी बडोद्याच्या महाराजांचं नाव यायचं, की त्यांचे घोडे विलायतेत पळायचे. त्याचा आणि याचा काही संबंध आहे का?

---

चौखूर

वाडीबंदर, फार जवळचा संबंध आहे. १९४३ साली महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी झाली ती बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल'नं जिंकली, जॉकी ऑस्ट्रेलियन एडगर ब्रिट. महायुद्ध संपल्यावर महाराजांनी इंग्लंडमध्ये घोडे ठेवले, न्यूमार्केटचं वॉरन प्लेस विकत घेतलं आणि तिथे ट्रेनर नेमला सॅम आर्मस्ट्राँग, म्हणजे पिगटचे पुढे झालेले सासरे. २८,००० गिनी या तेव्हाच्या विक्रमी भावानं एक शिंगरू घेतलं आणि त्याला आजोबांचं नाव दिलं, 'सयाजीराव'. १९४७ ची सेंट लेजर सयाजीरावनं जिंकली, वर एडगर ब्रिटच. पुढच्या वर्षी महाराजांच्या 'माय बाबू'नं २००० गिनीज जिंकली. नंतर ती जागा मर्लेस यांच्याकडे गेली आणि १९५४ च्या अखेरीस तिथेच पिगट नोकरीला लागला.

ब्रिटवर मी सवडीनं वेगळं लिहीन, तो १०३ वर्षं जगला आणि त्याच्या मुंबईतल्या दिवसांबद्दल मराठीत फारसं काही नाही. तुमच्याकडे आजोबांच्या वेळचे तबेल्याचे फोटो किंवा जुनी रेसकार्डं असतील तर जपून ठेवा, आणि हरकत नसेल तर इथे टाका.

---

वाडीबंदर

आईच्या ट्रंकेत काही फोटो आहेत, मागे घोड्यांची नावं पेन्सिलीनं लिहिलेली. रविवारी काढतो आणि टाकतो.